भोसरीच्या शेडमधून श्रीहरिकोट्याकडे: रॉकेटचे सुटे भाग बनवायचे असतील तर

गेल्या दोन-तीन वर्षांत आठवड्याला एखादा तरी फोन येतोच. कधी चाकणचा, कधी सातपूरचा, शिरोलीचा, वाळूजचा. विचारणाऱ्याची परिस्थिती बहुतेक वेळा माझ्यासारखीच असते: दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), तीन सीएनसी लेथ, वीस-बावीस माणसं, आणि गाड्यांच्या कामाचा दर दरवर्षी थोडा थोडा खाली जातोय ही काळजी. प्रश्नही ठरलेला. "ताई, ते रॉकेटचं काम आपल्याला मिळेल का?"

मिळेल. पण कसं, ते पाच मिनिटांच्या फोनवर सांगून होत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

मी मेकॅनिकलची पदविका घेऊन २००४ साली बाबांच्या शेडमध्ये आले. भोसरी एमआयडीसी, 'जे' ब्लॉक. तेव्हा आम्ही ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाच्या बॉड्या करायचो, महिन्याला हजारांच्या हिशेबात. रॉकेटचा पहिला जॉब २०११ मध्ये आला, तोही एका मोठ्या कंपनीच्या हाताखालचं काम म्हणून. सहा ब्रॅकेट. बाबा ड्रॉइंग बघून म्हणाले, "सहाच? सेटिंगलाच दिवस जाईल." त्यांचं खरं होतं, आणि या धंद्याचं पहिलं गणित तेच आहे.

आधी गणित समजून घ्या

१५ फेब्रुवारी २०१७ ला सकाळी ९:२८ वाजता इस्रोचं पीएसएलव्ही-सी३७ हे रॉकेट सुटलं आणि एका उड्डाणात १०४ उपग्रह वर गेले. त्यातले १०१ परदेशी होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेपरात १०४ हा आकडा होता. सुटे भाग करणाऱ्याने मात्र त्या दिवशी १ हा आकडा मोजायला हवा, कारण रॉकेट एकच होतं. एका रॉकेटला जेवढे फ्लँज (पाइप, टाक्या जोडायच्या कड्या), जेवढे व्हॉल्व्ह, जेवढे ब्रॅकेट लागतात, तेवढंच काम. उपग्रह लहान होत गेले, एका रॉकेटवर जास्त मावायला लागले, म्हणून आपल्या ऑर्डरी वाढत नाहीत. देशातून वर्षाला कक्षेत जाणारी उड्डाणं अजून एक आकडी आहेत. ती वाढतील तेव्हाच आपलं काम वाढेल.

मग यात शिरायचं कशाला? एक तर हा धंदा आता एका दारावर उभा नाही. पूर्वी गिऱ्हाईक एकच होतं, इस्रो, आणि त्यांच्याभोवती थोड्या मोठ्या कंपन्या. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये मोटरच्या केसिंग होतात आणि विक्रोळीत गोदरेजकडे रॉकेटचं विकास इंजिन, हे आपल्याकडच्या जुन्या टर्नर-फिटर मंडळींना पाठ असतं. परदेशी उपग्रह पैसे घेऊन वर नेण्याची सुरुवात झाली २६ मे १९९९ ला, पीएसएलव्ही-सी२ वर. कोरियाचा एक आणि जर्मनीचा एक, असे दोन छोटे उपग्रह आपल्या ओशनसॅटच्या सोबतीला होते. पूर्णपणे परदेशी गिऱ्हाइकासाठीचं उड्डाण झालं ते २३ एप्रिल २००७ ला, इटलीच्या अजिले उपग्रहाचं. म्हणजे पहिल्या छोट्या गिऱ्हाइकापासून पुरं रॉकेट भाड्याने घेणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत आठ वर्षं गेली. हे मुद्दाम सांगते, कारण फोन करणाऱ्यांना आठ महिन्यांत निकाल हवा असतो.

२०२० मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना दार उघडलं. परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था अहमदाबादच्या बोपलला बसली. २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं. २०२४ मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाले. त्यात प्रक्षेपण यान बनवणाऱ्या कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत सरळ मार्गाने परकी पैसा येऊ शकतो, पण सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत १०० टक्के. या एका ओळीवरून सरकारला काय हवंय ते कळतं: भाग बनवणारे कारखाने भरपूर हवेत. हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं. चेन्नईच्या अग्निकुलचं यान ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्यातल्या त्यांच्या स्वतःच्या तळावरून उडालं. पीएसएलव्हीची पाच यानं बांधायचं काम हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीकडे गेलं, आणि छोट्या एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान घेण्याची बोली २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जिंकली. यातला प्रत्येक जण भाग बाहेरून घेणार. दहा वर्षांपूर्वी एक दार होतं, आज पाच-सहा आहेत.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. या कामाने आमचं गाड्यांचं कामही सुधारलं. ते पुढे येईलच.

माझा ठाम सल्ला: मशीनच्या एकूण तासांपैकी पाचवा हिस्सा या कामाला द्या. पगार, विजेचं बिल, कर्जाचा हप्ता गाड्यांच्या नाहीतर पंपांच्या कामावर चालू द्या. नवं पाच-अक्षी मशीन कर्जाने घेऊन मग रॉकेटच्या ऑर्डरीची वाट बघत बसू नका. माझ्या ओळखीतल्या दोघांनी ते केलं, आणि दोघांनीही मशीन विकलं.

उडणाऱ्या भागाआधी न उडणारे

कुणी सांगत नाही अशी ही वाट आहे. रॉकेट उडण्याआधी जमिनीवर जेवढं लोखंड लागतं ते रॉकेटपेक्षा कितीतरी जास्त असतं. उचलायच्या तुळया, ट्रॉल्या, जोडणीचे जिग-फिक्स्चर (भाग जागेवर धरून ठेवणारे सांगाडे), इंजिन चाचणीच्या स्टँडचे भाग, पाइपांचे आधार, दाबाच्या चाचणीसाठीच्या ब्लँकिंग प्लेटा. यातलं काही उडत नाही, म्हणून कागदपत्रांची कडकाई थोडी कमी असते. गिऱ्हाईक मात्र तेच. त्याचा इन्स्पेक्टर तुमच्या शेडमध्ये येतो, तुमची जमीन पुसलेली आहे का बघतो, गेजवर कॅलिब्रेशनचं लेबल आहे का बघतो. दोन वर्षं हे काम नीट केलं की उडणाऱ्या भागाची चौकशी तुमच्याकडे आपणहून येते. आमच्याकडेही ब्रॅकेटनंतर दीड वर्ष फक्त फिक्स्चरच येत होती.

तमिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिणमला दुसरा प्रक्षेपण तळ होतोय. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. श्रीहरिकोट्यावरून ध्रुवीय कक्षेत जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो आणि त्यात छोट्या रॉकेटचं बरंच इंधन वाया जातं. कुलशेखरपट्टिणमवरून सरळ दक्षिणेला समुद्र आहे. छोट्या रॉकेटांसाठी हा तळ महत्त्वाचा, आणि नवा तळ म्हणजे जमिनीवरच्या सामानाचं नवं काम. निविदा इस्रोच्या ई-खरेदी संकेतस्थळावर निघतात. रोज सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं ते उघडून बघायची सवय लावा. उद्यम नोंदणी असेल तर बयाणा रकमेतून सूट मिळते, आणि सरकारी खरेदीतला चौथा हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा नियम आहे. ही नोंदणी फुकट होते, तरी कित्येकांनी ती केलेली नसते.

वेल्डिंगचं काम पहिल्या तीन वर्षांत घेऊ नका. वेल्डरची पात्रता चाचणी, एक्स-रे, प्रत्येक सांध्याचा नकाशा, दुरुस्ती किती वेळा करायची याची मर्यादा. ती वेगळीच शाळा आहे.

जन्मदाखला

आता मुद्द्याचं. या धंद्यात आपण भाग विकत नाही. भाग आणि त्याचा जन्मदाखला अशी जोडी विकतो. दाखला नसेल तर भाग भंगार आहे, माप मायक्रॉनमध्ये बरोबर असलं तरीही.

हे मी कशी शिकले ते सांगते. २०१२ मध्ये आम्हाला ३६ फ्लँज आले, १५सीडीव्ही६ या पोलादाचे. रॉकेटच्या कामात हे पोलाद नेहमी भेटतं. मटेरियल गिऱ्हाइकानेच दिलं होतं, दोन बार. प्रत्येक बारच्या एका टोकाला हीट नंबर, म्हणजे तो भट्टीच्या कोणत्या ओतीतला आहे त्याचा क्रमांक, ठोकलेला. आमचे स्टोअरवाले काका अतिशय प्रामाणिक माणूस, बाबांच्या बरोबरीचे. त्यांनी बार करवतीवर लावला तेव्हा ठोकलेलं टोक करवतीच्या बाजूला होतं, म्हणून तिथूनच कापायला सुरुवात केली. पहिल्या तुकड्याबरोबर नंबर गेला. दुसऱ्या बारचंही तेच झालं. तुकडे एकाच ट्रेमध्ये पडले.

आम्ही ते ३६ फ्लँज असे केले की आजही तसे करता येतील का माहीत नाही. बोअर, फेस, छिद्रांची जागा, सगळं मापात. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला, पहिला फ्लँज हातात घेतला, आणि विचारलं, "याचा हीट नंबर?" मी दोन्ही बारची सर्टिफिकेटं पुढे केली. तो म्हणाला, "यातली याची कोणती?"

कुणालाच सांगता येईना. मी म्हणाले, रासायनिक तपासणी करून घेऊ, दोन्ही बार एकाच जातीचे आहेत. त्याने शांतपणे समजावलं, आणि ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय: तपासणीवरून जात कळेल, घर कळणार नाही. बारची ताणशक्ती, अल्ट्रासोनिक तपासणी, उष्णतोपचार हे सगळं हीट नंबरला बांधलेलं असतं. उद्या त्या हीटमधल्या एखाद्या भागाला तडा सापडला, तर त्याच हीटचे बाकी भाग कोणत्या रॉकेटवर बसलेत ते तासाभरात शोधता आलं पाहिजे. आमच्या ३६ फ्लँजचं ते शोधता आलं नसतं. ३६ च्या ३६ रद्द झाले. मटेरियलचे पैसे आमच्या बिलातून वळते झाले. काका दोन दिवस जेवले नाहीत. चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये असलेली पद्धत अशी. बार आला की सर्टिफिकेटवरचा नंबर आणि बारवरचा नंबर दोन माणसांनी ताडून बघायचा. सर्टिफिकेट ३.१ प्रकारचं, म्हणजे त्याच मालाची प्रत्यक्ष चाचणी केलेलं हवं. बारच्या पूर्ण लांबीवर रंगाची पट्टी ओढायची, प्रत्येक हीटला वेगळा रंग. कापायचं ते नेहमी नंबर नसलेल्या टोकाकडून. करवतीवरून तुकडा उतरला की ट्रेमध्ये जाण्याआधी त्यावर हीट नंबर आणि अनुक्रमांक. मशीनिंगमध्ये तो अंक निघून जाणार असेल तर त्याआधी ऑपरेटर तो रूट कार्डवर (जॉबच्या प्रत्येक पायरीची नोंद असलेल्या कार्डावर) लिहितो, कार्ड जॉबबरोबर पिशवीत बांधतो, आणि मशीनिंग झाल्यावर ड्रॉइंगमध्ये सांगितलेल्या जागी परत उमटवतो. ड्रॉइंगमध्ये ठोकायला मनाई असेल तर टॅग. एका वेळी मशीनवर एकच हीट.

हीच पद्धत पुढे आम्ही पंपाच्या बॉड्यांनाही लावली. एकदा कास्टिंगमध्ये सच्छिद्रता निघाली, तेव्हा पूर्ण महिन्याचा माल परत बोलावण्याऐवजी एका दिवसाचाच बोलवावा लागला. सुरुवातीला म्हणाले ना, गाड्यांचं कामही सुधारलं, ते असं.

मटेरियल कुठून

शक्यतो गिऱ्हाइकाकडूनच घ्या, फ्री इश्यू. २२१९ ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅरेजिंग स्टील ही दुकानात मिळणारी चीज नव्हे. मॅरेजिंग स्टील आणि टायटॅनियम हैदराबादला मिधानी बनवते, पण तुम्हाला हवे असतात चाळीस किलो आणि कारखाना एवढ्याशासाठी भट्टी लावत नाही. फ्री इश्यूमध्ये मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, विमा किंवा हमीपत्र द्यावं लागतं, त्याचा खर्च कोटेशनमध्ये धरा. दोन, हिशेब पूर्ण द्यावा लागतो: किती किलो आला, किती जॉबमध्ये गेला, किती तुकडे उरले, किती चिप्स झाल्या. चिप्ससुद्धा वजन करून परत.

पावसाळ्यात एक खास काळजी. १५सीडीव्ही६ ला भोसरीच्या जुलैच्या हवेत एका रात्रीत गंज येतो. संध्याकाळी फिनिश केलेला जॉब तसाच टेबलावर ठेवू नका. गंजरोधक तेल, गंजरोधक पिशवी, आत ओलावा शोषणारी पुडी, आणि पिशवी बंद केल्याची वेळ कार्डावर.

मशीनवर

टायटॅनियमबद्दल थोडं. हा धातू उष्णता पुढे जाऊ देत नाही, म्हणून सगळी उष्णता टूलच्या धारेवर साठते. पोलादाच्या वेगाने चालवलं की दोन मिनिटांत टूल जातं. वेग कमी, फीड ठाम, कूलंट भरपूर, आणि टूल कुठेही थबकू द्यायचं नाही, कारण थबकलं की पृष्ठभाग कडक होतो. बारीक चिप्स पेट घेतात. त्यावर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू आणि धातूच्या आगीसाठीचं वेगळं अग्निशामक मशीनशेजारी हवं, आणि रात्रपाळीच्या मुलाला ते वापरता आलं पाहिजे. क्लोरीन असलेलं कटिंग तेल किंवा धुण्याचा द्रव टायटॅनियमला लावू नका. कॅडमिअम मुलामा असलेले पाने, क्लॅम्पही नकोत. दोन्हींमुळे पुढे ताणाखाली भेगा पडायचा धोका असतो.

पातळ भिंतीचे जॉब चकमध्ये पकडले की मापात येतात आणि सोडले की अंडाकृती होतात. रफ करा, सोडा, ड्रॉइंगमध्ये सांगितलं असेल तर ताण घालवण्याचा उष्णतोपचार करा, मग पूर्ण घेराने धरणाऱ्या मऊ जबड्यांत फिनिश करा. घाई चालत नाही.

आणि तापमान. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश सहज असतात. ड्रॉइंगवरचं माप २० अंशांचं असतं. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ३०० मिमीची रिंग १५ अंश जास्त गरम असेल तर ती सुमारे ०.१ मिमी मोठी मोजली जाणार. पंपाच्या बॉडीत हे खपून जातं, इथे पूर्ण टॉलरन्सच त्याहून कमी असतो. म्हणून सीएमएम (संगणकावर चालणारं मापन यंत्र) नसला तरी चालेल, आधी एक छोटी वातानुकूलित मापन खोली करा, आणि जॉब तिथे रात्रभर ठेवून सकाळी मोजा. सीएमएमचं काम सुरुवातीला बाहेरून करून घेता येतं. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आपल्या मुलांना मापनाचं प्रशिक्षणही देतं. माझ्या मापन खोलीतल्या दोन्ही मुली आयटीआयच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांतून जे सुटत नाही ते माझ्यासुद्धा सुटतं.

बर्रबद्दल, म्हणजे कापल्यावर कडेला राहणाऱ्या धातूच्या कुसाबद्दल, तर कितीही लिहिलं तरी कमीच. आडव्या छिद्राला उभं छिद्र छेदतं तिथे आत, दिसणार नाही अशा जागी बर्र राहतो. पंपात तो फिल्टरमध्ये अडकतो. इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो दाबाने तुटतो आणि व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. बोरस्कोप (छिद्रात घालून आत बघायची बारीक दुर्बीण) घ्या, साधा चालतो. प्रत्येक छेदबिंदू बघायचा आणि बघणाऱ्याने सही करायची.

भाग द्रवरूप ऑक्सिजनच्या वाटेवरचा असेल तर स्वच्छता ही वेगळी प्रक्रिया समजा. तिथे उणे १८३ अंशांचा ऑक्सिजन वाहतो, आणि ऑक्सिजनमध्ये तेलाचा पातळ थरसुद्धा एखाद्या धक्क्याने पेटू शकतो. हातमोजे, धूळमुक्त कापड, मंजूर केलेला द्रव, काळ्या (अतिनील) उजेडाखाली तपासणी, लगेच दुहेरी पिशवी. आमच्याकडे ही खोली नाही, त्यामुळे आम्ही ते काम घेत नाही. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो, त्याला तेच आवडतं.

पहिला जॉब आणि त्याची फाइल

गुणवत्तेचं आयएसओ ९००१ प्रमाणपत्र असेल तर पुढची पायरी एएस९१००, म्हणजे विमान-अवकाश उद्योगाचं तसंच प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यासाठी घेऊ नका. ऑर्डर हातात येईपर्यंत त्याच्या पद्धती पाळायला लागा, प्रमाणपत्र मग घ्या.

पहिल्या जॉबची तपासणी वेगळी असते. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला गोल करून आकडा द्यायचा, याला आपण बलून ड्रॉइंग म्हणतो. 'सर्व कडा ०.२ ते ०.४' असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं, त्यालाही आकडा. मग तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे प्रत्यक्ष माप, कोणत्या गेजने, त्या गेजचा क्रमांक. 'ओके' लिहायचं नाही, आकडा लिहायचा. दुसऱ्या तक्त्यात मटेरियल आणि बाहेर करून घेतलेल्या प्रक्रिया: अ‍ॅनोडायझिंग कुठे, पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव लावून भेगा शोधणं) कुणी केली, त्या तपासनिसाचं लेव्हल-२ प्रमाणपत्र कधी संपतं. बाहेर काम देताना सोबत ड्रॉइंगची ताजी आवृत्ती गेली का, हे दर वेळी बघा. आमच्याकडे एकदा जुनी आवृत्ती गेली आणि थ्रेडवर मुलामा चढून आला.

माप चुकलं तर? स्वतः सांगा. लगेच, लेखी. चूक झालेला भाग गिऱ्हाइकाच्या डिझायनरला कधी कधी आहे तसा चालतो, कारण ती कड कशालाच टेकत नसते. ते त्याने ठरवायचं असतं. आपण कानस मारून लपवलं आणि सापडलं, तर त्या गिऱ्हाइकाचं दार कायमचं बंद. ऑपरेटरला हे सांगताना एक गोष्ट पक्की पाळा: जो स्वतः येऊन चूक सांगेल त्याच्या पगारातून काही कापायचं नाही, आवाज चढवायचा नाही. कापलं की पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही.

पैसे

कोटेशन काढताना आपली सवय मशीनच्या तासांवर दर लावायची. इथे तसं केलं की तोटा. आमच्या एका फ्लँजला मशीनवर चाळीस मिनिटं लागतात, आणि मापन, कागद, पॅकिंग मिळून दोन तास. ते दोन तास लावा. सेटिंगसाठी एक जादा तुकडा मिळणार आहे का विचारा. पहिल्या जॉबच्या फाइलीचे पैसे वेगळे लावा, एकदाच.

सरकारी गिऱ्हाइकाचे पैसे उशिरा येतील पण येतात. तिथे बघायचं ते बँक गॅरंटी आणि उशिराचा दंड. दंडाची तारीख मटेरियल तुमच्या हातात आल्यापासून मोजली जावी, ऑर्डरच्या तारखेपासून नव्हे. हे ऑर्डर स्वीकारण्याआधी लिहून घ्या.

नव्या खासगी कंपन्यांचं उलट. मुलं हुशार, उत्तर तासाभरात, ड्रॉइंग आठवड्याला बदलतं. त्यांच्याशी काम करताना मला आनंद होतो, हे मनापासून सांगते. पण आवृत्ती क्रमांकाशिवाय आणि लेखी ऑर्डरीशिवाय मशीन सुरू करू नका, व्हॉट्सॲपवरचं ड्रॉइंग म्हणजे ऑर्डर नव्हे. पैशाच्या बाबतीत एक बारकावा: लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर घेणाऱ्याला आयकरात ती वजावट त्या वर्षी मिळत नाही, असा नियम आहे. मोठ्या, नफ्यातल्या कंपन्या त्याला घाबरतात. ज्या कंपनीला अजून नफाच नाही, तिला त्या नियमाचा धाक नसतो. म्हणून त्यांच्याकडून आगाऊ रक्कम घ्या, निम्मी तरी.

ड्रॉइंगची गुप्तता पाळा. जॉबचा फोटो स्टेटसला ठेवू नका, ऑपरेटरांनाही सांगा. परदेशातून चौकशी आली तर आधी स्कोमेट यादी (निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी) बघा. रॉकेटचे बरेच भाग त्यात येतात आणि परवान्याशिवाय पाठवता येत नाहीत.

उड्डाण फसतं तेव्हा

७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण झालं. दुसरा टप्पा सुटताना काही क्षण जोराची कंपनं आली, त्वरण (वेगातला बदल) मोजणारे सेन्सर त्यांच्या मर्यादेपलीकडे गेले, संगणकाने ते बिघडले असं धरलं, आणि उपग्रह ३५६ बाय ७६ किमीच्या कक्षेत सोडले गेले. ७६ किमीवर हवा असते, त्यामुळे ते टिकले नाहीत. बाकी सगळं रॉकेट ठीक चाललं होतं. मग टप्पे सोडवायची यंत्रणा बदलून पट्ट्याच्या क्लॅम्पची केली आणि सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, दुसरं उड्डाण यशस्वी झालं. अशा सहा महिन्यांत कुठल्या तरी शेडमध्ये नवे भाग रात्रंदिवस होत असतात. त्या वेळी ज्याच्याकडे फाइल तयार, माणसं तयार, त्याचा फोन वाजतो.

१८ मे २०२५ ला पहाटे पीएसएलव्ही-सी६१ चा तिसरा टप्पा कमी पडला. तोवर या रॉकेटची इतकी उड्डाणं यशस्वी झाली होती की आम्ही पहाटे उठून बघतच नसू. त्या दिवशी उठलो होतो. अशा वेळी पुढच्या काही दिवसांत पुरवठादारांकडे नोंदी मागितल्या जातात, तुमचा भाग दुसऱ्याच टप्प्यातला असला तरी. रूट कार्ड, गेजचं कॅलिब्रेशन, त्या दिवशी मशीनवर कोण होतं. म्हणून फाइली किती वर्षं ठेवायच्या ते ऑर्डरमध्ये वाचा, आणि त्यापेक्षा जास्त ठेवा. आमच्या माळ्यावर २०११ च्या त्या सहा ब्रॅकेटांची फाइलसुद्धा आहे, प्लास्टिकच्या पेटीत, वाळवीचं औषध टाकून. स्कॅन केलेली प्रत वेगळी.

ऑडिटच्या दिवशी

नवा गिऱ्हाईक यायच्या आधी लोक रंगरंगोटी करतात. ते राहू द्या. तो मशीनवरच्या कुठल्याही मुलाला थांबवून विचारेल, "हा जॉब कोणत्या आवृत्तीचा आहे? हे गेज कधी तपासलं? माप चुकलं तर तू काय करशील?" मुलाने तुमच्याकडे बघता कामा नये, कार्डाकडे बघून उत्तर दिलं पाहिजे. मग तो स्टोअरमध्ये जाईल, रॅकवरचा एखादा उरलेला तुकडा उचलेल आणि त्याचं सर्टिफिकेट मागेल. आमच्या काकांनी निवृत्त होईपर्यंत ही परीक्षा प्रत्येक वेळी स्वतः दिली. तुकड्यावरचा रंग बघून कपाटातली बरोबर फाइल काढून ते समोर ठेवायचे, आणि इन्स्पेक्टर वाचून संपवेपर्यंत शेजारी उभे राहायचे.